पंगतीची जीभ ओळखणारे दामूभाऊ

दामूभाऊंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि गौरवग्रंथातला पहिला लेख माझा असावा, असे समितीने ठरवले. समितीला माझा स्वभाव ठाऊक नाही की चांगलाच ठाऊक आहे, ते देव जाणे.

भाऊंची नि माझी पहिली भेट हळर्णला, देवळाच्या स्वयंपाकघरात झाली. समाराधनेचे मणगणे, म्हणजे चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाचे आमचे गोड, तेव्हा माझ्याच हातचे असे. भाऊ डिचोलीहून आले. तिथे ते खाणीवरच्या ट्रकवाल्यांना जेवू घालत. ट्रकवाल्यांच्या आचाऱ्याला नैवेद्यातले काय कळणार, असे मला वाटले. पंगत उठली की भाऊ उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशी उभे राहत आणि कोणी काय टाकले ते निरखत. मला त्याची किळस यायची.

एका वर्षी ते म्हणाले, "वासू, मणगणां उरता रे पानार."

मी चिडलो. गोड कमी पडले असणार, असे समजून पुढच्या वर्षी आणखी एक ढेप गूळ घातला. पानांवर दुप्पट उरले. देवळाच्या समितीने मणगण्याचे भांडे भाऊंच्या चुलीवर चढवले आणि माझ्याकडे भाजी दिली. खोटे कशाला सांगू, मी जळलो. अजून जळतो.

भाऊंनी एकदम काही बदलले नाही. दरवर्षी मूठभर गूळ कमी करायचा, रस जरासा पातळ ठेवायचा. लोकांची आवड बदलत होती, तिच्या पावलाने ते चालले. खाणारे म्हणत, "हीच ती पूर्वीची चव!" माझ्या अंगाचा तिळपापड होई. पूर्वीची चव माझी होती.

पुढे माझ्या पायावर उकळती आमटी सांडली. मी घरी पडून होतो तेवढे दिवस भाऊ स्वतः डबा घेऊन येत. त्यातही खोट काढायला मी टपलेला असे, पण मेली सापडली नाही. बरा झाल्यावर मी त्यांना जेवायला बोलावले आणि हट्टाने जुन्या मापाचे मणगणे केले. त्यांनी तीन वाट्या संपवल्या.

"माका तुझ्याच हातचां आवडता रे, पयलेपासून," ते म्हणाले.

"मग माझे भांडे कशाला घेतलेत?"

"पंगत काय माझ्या जिभेन जेवता?"

मी रागाने माझी वाटी ओढली. दुसरा घास घशाखाली उतरेना, इतके ते गोड लागले. आवड माझीही बदलली होती आणि मला पत्ता नव्हता. त्यांची मात्र होती तिथेच होती. याचाही मला हेवा वाटला.

आजही महिन्यातून एकदा ते येतात आणि मणगणे करायला लावतात. दामूभाऊंना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. हे मी मोठ्या मनाने म्हणत नाही. माझे मणगणे मागून खाणारे त्यांच्यावाचून आता कोणी उरलेले नाही, मीसुद्धा नाही.