चाचांचा दुसरा होकार

गिऱ्हाईक शेडच्या दारात पोचायच्या आत 'नाही' म्हणणारा मिस्त्री मी खामगावात एकच पाहिला. चावी पुढे करावी, तोंड उघडावं, तोवर चाचांची मान आडवी हललेली असे. मग ते सावकाश उठत, चिंधीला हात पुसत आणि ज्या कामाला नाही म्हटलं तेच करायला घेत. बाजारात त्यांचं नाव नाहीचाचा पडलं होतं. पत्ता विचारला की कोपऱ्यावरचा पानठेलेवाला सांगे, "जिनिंग फॅक्टरीच्या मांगं सिधे जा. नाही म्हनतीन, पन तुमी बसून राहा." एका कामाला मात्र त्यांचं 'नाही' खरोखर नाही असे. गाडीचं इंजिन काढून दुसरं बसवायचं म्हटलं, की ते हात पुसत नसत आणि उठतही नसत.

माझं नेमकं तेच काम होतं. मी जनावरांचा डॉक्टर. बोथ्याच्या घाटाच्या कडेनं डोंगरात चार-पाच खेडी आहेत, तिथं पावसाळ्यात मोटरसायकल नाल्यात बसते आणि साधी गाडी चिखलात. त्यासाठी मी वडनेर भोलजीच्या एका पाटलांच्या गोठ्यात कडब्याखाली पडलेली जुनी पेट्रोल जीप घेतली होती. चारही चाकं ओढणारी, सांगाडा अजून खणखणीत. इंजिन मात्र म्हातारं. चढ आला की निळा धूर सोडायचं आणि मधेच बसायचं. तिच्यात डिझेल इंजिन टाकलं की माझी चिंता मिटली, असं मी चाचांना चार वर्षं सांगत होतो.

चार वर्षांत त्यांनी मला दर वेळी नवं कारण दिलं. कधी म्हणत, आरटीओत कागद अडतील. कधी म्हणत, गिअरबॉक्स फाटेल, कधी स्प्रिंगांचे पाटे बसतील. एकदा मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. पोरांनी जुन्या जीपमध्ये मोठाली इंजिनं टाकलेली आणि गाड्या खडकांवरून माकडासारख्या चढत होत्या. चाचांनी चष्मा लावून तीन व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. मला वाटलं, गडी विरघळला. मोबाईल परत देत ते म्हणाले, "समदे चढून राह्यले. थांबताना काऊन नाही दाखवत कोनी?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. कुणी नवी गाडी दाखवायला आणली, किती पळते ते फुशारकीनं सांगू लागला, की चाचा सगळं ऐकून घेत आणि विचारत, "थांबते काय?" लोक हसत, मीही हसे. तशीच त्यांची दगडांची सवय. शेडमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकांखाली ते दोन दगड लावत. शेडची जमीन तळहातासारखी सपाट, तरी दगड लावल्याशिवाय बॉनेटला हात नाही. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "चाचा, गाडी पळून थोडीच जाते!" ते म्हणाले, "नाही जात. मालूम हाय मले." आणि दगड लावलाच.

मग तो श्रावण आला. डोंगरातल्या एका घरची म्हैस अडल्याचा निरोप आला. पहिल्याच चढाला जीप धूर सोडून बसली. मी बॅग डोक्यावर घेऊन पायी निघालो. पोचलो तेव्हा म्हैस मरून पडलेली आणि रेडकूही आतच गेलेलं. त्या घरातली बाई शिव्या देती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "डॉक्टर, थोडं लवकर येनं झालं असतं तं." मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी भंगारातून उलटलेल्या पिकअपचं डिझेल इंजिन उचललं, जीपही ओढत आणली आणि चाचांच्या शेडसमोर दोन्ही उभं केलं. चाचांनी इंजिनाकडे पाहिलं. "नाही," म्हणाले. माझा तोल गेला. शेडमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मी ओरडलो, "चाचा, जमत नाही म्हनून सरळ सांगा ना! चार वर्षं झाली, फिरवून राह्यले मले. तिकडं डोंगरात म्हैस मेली, गाडी चढली नाही म्हनून."

चाचांनी जीपच्या चाकाखाली दगड पायानं नीट सरकवला, पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेले. गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. मीही निघणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "डॉक्टरसाब, बसा." मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. टाचांना भेगा होत्या आणि एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता.

"जमते मले. तीस वर्षांआधी एक बसवलं म्या," चाचा खालून म्हणाले. "लहान्या भावाच्या जीपमधी. अन्वर. घाटातून सवाऱ्या मारे. पेट्रोल काढून डिझल टाकलं. इंजन वजनी, ताकद दुप्पट, अन् ब्रेक जुनेच. ब्रेकाचं सामान अकोल्याहून येनार होतं, ते आलं नव्हतं. लग्नसराई होती. तो म्हने, भाई, आठ दिवस अशीच चालवू काय?"

पान्याचा आवाज थांबला.

"म्या हाव म्हनलं."

चौथ्या दिवशी बोथ्याच्या घाटात, उतरताना तिसऱ्या वळणावर ती जीप वळलीच नाही. अन्वर गेला, सोबत दोन सवाऱ्या गेल्या. त्यातली एक नवरीची आई होती. चाचा म्हणाले, "लोक म्हनते, ब्रेक फेल झाले. फेल नाही झाले, साहेब. जेवढे होते तेवढे लागले."

मी तिथं उकिडवा बसून राहिलो. पाच-सहा माणसांसमोर मी ज्याला कामात कच्चा ठरवलं होतं, तो माणूस तीस वर्षं त्या एका होकाराखाली दबून जगत होता. मला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती. म्हटलं, "राहू द्या, चाचा. नको मले इंजन." चाचा बाहेर आले, कपाळाला काळं लागलेलं. चिंधी उचलून हात पुसू लागले. "नाही," म्हणाले. "तुमची म्हैस मेली, तेही खरंच हाय ना. करू. पन इंजन शेवटी."

इंजिनावर ताडपत्री पडली आणि चाचांनी ब्रेकांना हात घातला. मोठ्या गाडीचे ब्रेक आणले, बसवले, पसंत पडले नाहीत म्हणून काढले, पुन्हा बसवले. मग स्टिअरिंग, मग पाटे. दिवाळी गेली, थंडी पडली. चाचा खोकू लागले होते. मी विचारलं की म्हणत, ब्रेक लायनरची धूळ हाय. मी डॉक्टर, जनावरांचा का होईना. तो खोकला धुळीचा नाही हे मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. गाडी लवकर मिळावी म्हणून मी त्या धुळीवर विश्वास ठेवला.

जानेवारीत एका सकाळी त्यांनी हमाल बोलावले आणि ते डिझेल इंजिन जीपच्या मागच्या भागात चढवून दोरांनी आवळून बांधलं. मला समजेना. चाचा म्हणाले, "बसवायच्या आधी ओझं म्हनून नेऊ. याचं वजन ब्रेकाले समजलं पाह्यजे." जुनं इंजिन आपल्या जागी येणारं नवं इंजिन पाठीवर घेऊन कसंबसं घाट चढलं. दोनदा पाणी उकळलं, दोनदा आम्ही सागाखाली बसून ते निवायची वाट पाहिली. वर पोचल्यावर चाचांनी गाडी फिरवली आणि मला म्हणाले, "उतरा तुमी. पायी या."

"चाचा, मी बसतो ना संगं."

"नाही. गाडीत कोनी नको."

ते एकटे उतरू लागले. पहिलं वळण दिसलं, दुसरं दिसलं, मग जीप झाडांआड गेली. आवाज येत राहिला आणि एकदम बंद झाला. मी धावलो. चप्पल रस्त्यातच कुठेतरी सुटली.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे जीप उभी होती आणि चाकांखाली दगड लावलेले होते. चाचा कठड्यावर बसून खाली दरीत पाहत होते. त्यांनी दोन्ही तळवे समोर धरले होते आणि ओठ हलत होते. मी बाजूला उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी तळवे तोंडावरून फिरवले आणि म्हणाले, "थांबली."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हाव. बसवू आता." मी भर रस्त्यात रडलो. चाचा रडले नाहीत. गुडघ्यांवर हात रेटत उठले आणि चाकाखालचे दगड काढू लागले.

त्या चढानं जुनं इंजिन संपलं, शेडवर पोचल्यावर पुन्हा सुरू झालंच नाही. चाचांनाही त्यानंतर शेडमध्ये फार दिवस उभं राहता आलं नाही. खोकल्यातून रक्त आलं. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते उशाला टेकून बसले होते, आवाज पार खोल गेलेला. मला पाहून पहिलं विचारलं, "इंजन झाकलं काय?"

"झाकलं, चाचा."

"म्या हाव म्हनलं हाय. फिरवनार नाही. कोनाकूनही बसवून घ्या."

आठवड्यानं ते गेले. कब्रस्तानातून परतताना मी शेडवर गेलो. कुलूप लागलेलं होतं. बाहेर भिंतीशी ते दोन दगड ठेवलेले होते, ते मी घरी घेऊन आलो.

गेल्या महिन्यात मी जीप आणि इंजिन दोन्ही ट्रकवर चढवून चिखलीला एका मिस्त्रीकडे नेलं. पोरगा हुशार आहे, नाव आहे त्याचं, काम चोख. त्यानं ट्रकवर चढून ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाला, "कोनी केले हो हे ब्रेक? लय भारी केले." मग मी विचारलं, इंजिन बसेल काय, वजनाचं नीट पाहशील काय, डोंगरात जायचं आहे. "हाव हाव, होऊन जाईन! चार दिवसांत घेऊन जा." तो इतक्या सहज हाव म्हणाला, की मी ड्रायव्हरला गाडीचे दोर सोडूच दिले नाहीत. पोराचं त्यात काहीच चुकलं नव्हतं. तो बिचारा बघत राहिला आणि आम्ही ट्रक तसाच परत आणला.

जीप अंगणात उभी आहे, चाकांखाली चाचांचे दगड आहेत. पावसाळा लागला आणि काल डोंगरातून पुन्हा निरोप आला. मी घाटापासून पायीच गेलो आणि पोचायला उशीर झाला. परत येताना त्या तिसऱ्या वळणावर कठड्याला टेकून थोडा बसलो. चाचांनी मला हाव म्हटलेलं आहे. त्या होकारावर इंजिन बसवून गाडी चालवायची हिंमत माझ्यात अजून आलेली नाही.