सीबच्या दुकानातली झगझगीत शिवण

मस्कतला जायचं ठरवलं ते फिरायला नव्हे, दादाला घरी आणायला. बावीस वर्षं तिकडे शिवणकाम करतोय. गेली चार वर्षं "पुढच्या सुट्टीत येतो" याच्यापुढे त्याची गाडी सरकेना. वहिनी फोनवर गप्प राहायला लागली, तेव्हा मी चिपळुणातून रजा टाकली आणि २००७च्या जानेवारीत विमानात बसले. जाणार असाल तर जानेवारीच गाठा, एरवी भाजून निघाल.

दादा राहतो ते सीब गाव मस्कतच्या विमानतळापासून जवळच. तरी टॅक्सीवाल्याने पाच रियाल घेतले. घासाघीस करा, मला जमली नाही. जुन्या बाजारात दादाचं दुकान. मशीनभोवती राखाडी, काळे, मातकट कपडे, आणि प्रत्येकाला डोळ्यांत घुसणारी पोपटी नाहीतर गुलाबी दोऱ्याची शिवण.

"हे काय रे, शिमगा?"

"स्वीडनच्या मॅडमची फॅशन गो! तिकडे हिवाळ्यात दुपारीच काळोख पडतो म्हणे. माणसं रोज असंच मळखाऊ घालतात, पण शिवण झगझगीत. तिने नमुना दिला, मी शिवायला लागलो."

मला कौतुक वाटलं. तेवढ्यात एक मल्याळी गिऱ्हाईक राखाडी पँट फडकवत आलं. "मास्टर, ये हरा धागा क्यों? ऑफिस जाना है, नाचने नहीं!"

"फॅशन है, साब," दादा हसला. गिऱ्हाईक हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी निझवा, किल्ल्याचं जुनं शहर. शेअर टॅक्सीने दोनेक तास, रस्ता एकदम गुळगुळीत. शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो, तो चुकवू नका. आम्ही तो बघून किल्ल्याकडे वळलो आणि दादा पायरीवर आपटला. उठवायला मी हात पुढे केला, तर दादा तो शोधत हवेतच चाचपडत राहिला.

"काचबिंदू," तो तिथेच बसून म्हणाला. "एक डोळा खलास. दुसऱ्याला तो भडक दोराच काय तो दिसतो. राखाडीवर राखाडी टाका कुठे पडतो, कळत नाय. गेलेली नजर परत येत नाय, म्हणाला डॉक्टर."

"अरे, मग घरी चल ना!" मी ओरडलेच.

"गावाला मी आंधळा म्हणून ओटीवर बसणार. इथे अजून मास्टर आहे. हिला सांगू नको, माझी शपथ आहे तुला."

पुढचे तीन दिवस मी रडले, भांडले, त्याच्या पाया पडले. मस्कतच्या मत्रह बंदराचा समुद्र कसा आहे ते मला विचारू नका, बघितला असेन. एकेक गिऱ्हाईक तुटत जाणार, हे त्यालाही कळतंय. मग काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही, आणि सुचेल असं वाटतही नाही.

वहिनी चिपळूणच्या स्टँडवर आली होती. मी उतरले तरी ती माझ्या मागेच बघत राहिली. घरी चहा टाकताना म्हणाली, "वन्सं, केस किती पिकले बघा माझे. आले की मला ओळखतील ना हो?"

"लांबूनच ओळखेल," मी म्हणाले.