सिमचा कापलेला कोपरा

जव्हारच्या बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला कुणाचंही सिम स्वतः बसवून देत नाही. फोन गिऱ्हाइकापुढे सरकवतो आणि बोलणं संपवताना दर वेळी “काय?” विचारतो.

परवा सूर्यमाळची एक म्हातारी आली. नजर अधू झालेली. मी शेजारीच गिऱ्हाईक म्हणून उभा होतो; तिचं सिम बसवून द्यायला हात पुढे केला, तो दुरुस्तीवाल्याने बाजूला सारला.

“सर, पाड्यावर तुम्ही येणार नाय. तिथं चार्ज असलेल्या एकाच फोनात सगळे आपापलं सिम घालतात, काय?”

मला रागच आला.

“आजी, कापलेला कोपरा बोटानं बघ. खाचेचा कोपराही तसाच हाय. उलटं बसायचंच नाय, काय?”

म्हातारीने कोपरा चाचपून सिम सरकवलं. काढलं. डोळे मिटून पुन्हा बसवलं. मग फोन त्याच्याच नाकासमोर धरला.

“लेकाला लावाया आता कुणाची वाट बघायची नाय. काय?”