वाट पाहणाऱ्याच्या हातचा हार

आमच्या अमरावतीत नवी गाडी आणि तिचा मालक यांच्या मधोमध आक्का उभी असायची. देवळापुढे तिचं फुलांचं दुकान. गाडी शोरूममधून थेट तिथे पूजेला येई. मालक ऐटीत हाराला हात घाली आणि आक्का हार मागे ओढून घेई. "तुमी बाजूले व्हा. घरी वाट कोन पाहते? तिले घालू द्या." मग मागे संकोचून उभी असलेली बायको पुढे येई. भल्याभल्या साहेबांना तिने असं बाजूला केलेलं मी पाहिलं आहे.

झेंडू घरच्या मळ्यातला, आणि हाराची लांबी गाडीप्रमाणे. मी शाळेत होते तेव्हा तिच्या टोपलीत स्कूटर-मोपेडचे आखूड हार असत. मग मोटरसायकली आल्या. नांदगाव खंडेश्वरकडचे ट्रॅक्टर वाढले, तेव्हा दसऱ्याला तिचं सगळं घर हार ओवायला बसायचं. पुढे चारचाकींचा सुकाळ झाला आणि आता हिरव्या पाटीच्या, बॅटरीवरच्या गाड्या. गावात कोणत्या गाड्या वाढल्या यावर कोणी वाद घातला, की ती म्हणे, "आरटीओत कायले जाता? माही टोपली पाहा."

तिची खरी पंचाईत केली ती बायकांनी. त्या स्वतःच्या नावावर स्कूटी घ्यायला लागल्या. आता हार कोणी घालायचा? आक्काने एका नवऱ्याला दंड धरून पुढे आणलं. "घाला. आता तुमी वाट पाहा." तो बिचारा बोहल्यावरही इतका गंभीर झाला नसेल.

मी स्कूटर घेतली तेव्हा आई नुकतीच गेली होती आणि घरी मी एकटीच. आक्काचा प्रश्न आलाच. "कोणी नाही," मी म्हटलं, "द्या, मीच घालते."

"काहून? मी मेली काय?" तिने स्वतःच हार घातला. "संध्याकाळी इथूनच जातं न तू? हॉर्न वाजवत जाजो."

मला रागच आला. या वयात हजेरी लावायची? पण एखाद दिवस विसरले, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांदेखत बोलणी बसत. हळूहळू तो हॉर्न वाजवल्याशिवाय घरी पोचल्यासारखं वाटेना.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. पुढे कित्येक दिवस मी दुसऱ्याच रस्त्याने घरी येत होते. मग एका सकाळी तिची सून सुनंदा नवी ई-रिक्षा चालवत माझ्या दारात आली. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सजवणाऱ्या त्या घरची ही पहिली गाडी. सुनंदाच्या हातात हार होता.

"ताई, तुमी घाला."

"अगं, मी कशाला?"

"आमचे हे कामाले अकोल्यात राह्यतात, जठारपेठेत. अन् आक्का बी नाई आता. संध्याकाळी वाट पाहाले कोनी तं पाहिजे न."

हार जरा लांबच झाला होता. सुनंदाचा हात अजून बसायचा आहे. मी दोन वेढे देऊन तो बांधला, तेव्हा डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

हल्ली अंधार पडायला लागला, की मी गॅलरीत येऊन उभी राहते. त्या बॅटरीच्या गाडीचा मेला आवाजच येत नाही. म्हणून सुनंदाला बजावून ठेवलं आहे, "हॉर्न वाजवत जाजो."