लिफ्टसमोरची ग्रामसभा आणि आजोबांचा झोपाळा

बाळांनो, त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमच्या गावाचा कारभार समजावून सांगितलात. त्याचे इथे सिंगापुरात काय परिणाम झाले, ते तुम्हाला कळायलाच हवेत.

मला समजलं ते असं. स्पेनमधला तुमचा प्रांत म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. मोठ्या गावांत लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक आपल्यातूनच एकाला महापौर करतात. तुमच्या गावात मात्र शंभर माणसंही नाहीत, त्यामुळे नगरसेवकांची भानगडच नाही. लोक एक सरपंच निवडतात, तो एरवी पाव भाजतो. बाकी सगळं ठरवायला गावच जमतं आणि हात वर करतं. चिटणीस तीन गावांत मिळून एक. कचऱ्याचा ट्रक शेजारच्या गावांशी भागीदारीत. आणि रस्ता, पाण्याची टाकी असं गावाला न झेपणारं काम प्रांताची परिषद करून देते, म्हणजे जिल्हा परिषदच. "आजी, एव्हरीबडी इज द कौन्सिल!" असं धाकटी ओरडली, ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. कारण त्याच आठवड्यात आजोबांच्या झोपाळ्यावर संकट आलं होतं.

झोपाळा तुम्ही पाहिलेला आहे. सागवानी फळी, पितळी कड्या, लोखंडी स्टँड. आजोबांनी बोटीवरची नोकरी सोडली तेव्हा स्वतःला दिलेलं हे बक्षीस. हॉलमध्ये ठेवला तर एका झोक्याला टीव्ही आणि दुसऱ्या झोक्याला देवघर, म्हणून तो लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत गेला. रोज सकाळी तिथे बसून ते पेपर वाचत, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला हवामान सांगत. मग कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, मॅनेजरचा निरोप आला. वाटेत अडथळा आहे, शनिवारी येऊन मोजमाप घेतो, नंतर तो भंगारात जाईल.

आजोबा दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे असं म्हणाले नाहीत. तेव्हा मी घाबरले.

आमच्या मजल्यावर चार घरं. आम्ही, समोर बोटीवरून निवृत्त झालेले कॅप्टन आणि वहिनी, कोपऱ्यात पुण्याचं आयटीतलं जोडपं, आणि मुलाकडे राहणारी चिनी आंटी. मी सगळ्यांना शनिवारी बोलावलं आणि सांगितलं, आपलाही एक मजला म्हणजे एक गाव. स्पेनसारखी सभा भरवू, हात वर करू, आणि मॅनेजरला गावाचा निर्णय सांगू.

"काकू, मग पदाधिकारी कोण?" आयटीतल्या मुलीने विचारलं.

इथे घोटाळा झाला. तुमच्या गावात एक सरपंच आणि बाकी सगळे नागरिक. आपल्या माणसांना नुसतं नागरिक राहणं जमत नाही. कॅप्टन अध्यक्ष झाले. वहिनी रुसू नयेत म्हणून त्या कार्याध्यक्ष. आयटीतला मुलगा उपाध्यक्ष, त्याची बायको आभारप्रदर्शन. मी चिटणीस. चिनी आंटी म्हणाली, "मी काय करू?" तर तिला सरपंच केलं, कारण ती तिच्या घरी पाव भाजते. आजोबांचा स्वतःचाच प्रश्न असल्यामुळे त्यांना कुठलंही पद देणं बरं दिसलं नसतं. अशा रीतीने उरलेली जनता म्हणजे तुमचे आजोबा.

"जनतेला चहा मिळेल का?" त्यांनी झोपाळ्यावरून विचारलं.

"जनतेने आधी उठावं," कॅप्टन म्हणाले. "प्रमुख पाहुण्यांसाठी आसन लागेल."

"प्रमुख पाहुणे कोण?"

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि मॅनेजर टेप घेऊन बाहेर आला. सभेला आलेल्या परक्या माणसाचा सत्कार करण्याशिवाय आपल्याला दुसरं काही करताच येत नाही. वहिनींनी त्याला ओवाळलं. कॅप्टननी त्याला झोपाळ्यावर बसवलं आणि खांद्यावर शाल घातली. इथल्या उकाड्यात शाल म्हणजे शिक्षाच, पण बिचाऱ्याने ती नीट पांघरून घेतली. शेंडीचा नारळ मिळाला नव्हता, म्हणून श्रीफळ म्हणून हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतलं हिरवं शहाळं दिलं, स्ट्रॉसकट.

मग कॅप्टननी स्वागतपर भाषण सुरू केलं. भाषणात ते स्पेनच्या वाटेवर अजून भूमध्य समुद्रातच होते, तेव्हा मॅनेजरचं निम्मं शहाळं संपलं होतं आणि त्याचे पाय आपोआप जमिनीला रेटा देऊ लागले होते.

शेवटी मी मतदान घेतलं. झोपाळा इथेच राहावा का? सहा हात वर गेले. माझा गेला नाही.

"अहो चिटणीस!" आजोबा ओरडले.

"आग लागली तर लोक तुमच्यावरून उड्या मारत जातील का?" मी म्हटलं. "जिना तिकडेच आहे. मॅनेजरचं म्हणणं बरोबर आहे."

आजोबांचा चेहरा असा पडला की मला पुढचं बोलायला घाई करावी लागली. मी मॅनेजरकडे वळून इंग्रजीत सांगितलं, की स्पेनमध्ये जे गावाला झेपत नाही ते प्रांताची परिषद करते. आमच्या गावाला झोपाळ्यासाठी जागा झेपत नाही. आणि आमची प्रांताची परिषद म्हणजे तुम्ही.

प्रांत कुठला हे त्याला कळलं नसावं, पण बढती मिळाल्यासारखा तो सावरून बसला. दोन झोके घेतले. "खाली पॅव्हिलियनचा मंडप रिकामाच आहे, लाह," तो इथल्या पद्धतीने वाक्याला शेपूट लावत म्हणाला. "बार्बेक्यूच्या बाजूला. पण तिथे ठेवला की सगळ्यांचा हं, अंकल. फक्त तुमचा नाही."

सगळे आजोबांकडे बघू लागले. जनतेने झोपाळ्याच्या पितळी कडीवरून एकदा हात फिरवला.

"भंगारात नाही ना?"

"नाही, अंकल."

"मग चालेल."

आभारप्रदर्शन झोपाळा खाली नेताना लिफ्टमध्ये उरकलं.

आता आजोबा सकाळी पेपर घेऊन खाली जातात, तर चिनी आंटी आधीच झोपाळ्यावर. तिच्या मागे पोहून आलेली दोन मुलं, त्यांच्यामागे टॉवेल गुंडाळलेला एक गृहस्थ. "अंकल, वेट लाह!" असं आंटी म्हणते. आजोबा रांगेत उभे राहतात आणि तिथूनच सगळ्यांना हवामान सांगतात. ऐकणारे पूर्वीपेक्षा जास्त आहेत.

घरी येऊन मात्र रोज तक्रार करतात, की सरपंच फार वेळ झोके घेते. आणि काल म्हणाले, आमटीत मीठ कमी आहे.