काथ्या भरलेली फियाट

"पाण्यात जायचं त्याला प्लास्टर, माणसं बसायची त्याला नाय," असं सगुणा आपल्या दिराला एकदाच म्हणाली होती. हरेशने ते कानाआड केलं.

जोहे गावात हरेशचा गणपतींचा कारखाना. सगुणा तिथं सत्तावीस वर्षं मूर्तींचे डोळे आखते. तिचा नवरा कान्हू जुन्या फियाटमधून पेण-रोहा प्रवासी न्यायचा. तो वारला तशी गाडी कारखान्याच्या भिंतीलगत उभी राहिली, ती अकरा पावसाळे तिथंच. खाडीचा खारा वारा लोखंड आतून खातो. वरून कळत नाही. गाडी आता सगुणाच्या नावावर, आणि विकायला तिची ना नव्हती. ती कुणीतरी पुन्हा रस्त्यावर आणावी, एवढंच तिला हवं होतं.

रोह्याचा सुजय जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करतो. तो रविवारी येणार म्हणताच हरेशने गंजाची भोकं मूर्तीसारखी भरून काढली. काथ्या, प्लास्टर, घासकागद, वर फवाऱ्याने पांढरा रंग. "वैनी, कडेची पट्टी तेवढी तुझ्या हातची मार," तो म्हणाला, तेव्हा ती ते पाण्या-प्लास्टरचं वाक्य बोलली. मग पट्टी त्यानेच मारली. वाकडी.

रविवारी सुजय गाडीभोवती दोनदा फिरला. "एवढा शाबूत पत्रा? खाडीकाठी?"

"घरातलं माणूसच समजा," हरेश हसला. "रोज पुसतो."

सहीसाठी सगुणाला बोलावलं. ती कुंचला हातात घेऊनच बाहेर आली.

"कोण बसणार हिच्यात?" तिने सुजयला विचारलं.

"बायको नि मुलगी. पहिली फेरी कोलाडपर्यंत."

सगुणाने दार उघडलं आणि चालकाच्या पायाखालच्या तळावर टाच रोवली. काथ्यासकट तुकडा निखळला. खाली जमीन दिसली.

"उंदीर लागले असतील," हरेश म्हणाला.

"तुमच्या गावचे उंदीर प्लास्टर करतात?" सुजय मागे सरला. "एक भोक असं, तर बाकीची कुठं? नको मला."

"थांब बाबा."

ती बोटाच्या पेराने पत्रा ठोकू लागली. पत्रा वाजायचा, प्लास्टर मुकं राहायचं. मुकं लागलं की ती कुंचल्याने काळं वर्तुळ काढायची. दारं, मडगार्ड, डिकी. पट्टीखाली तीन. कामगार बाहेर येऊन बघत राहिले.

"वैनी, बस झालं!"

ती थांबली नाही. छतापर्यंत एकोणीस वर्तुळं झाली.

सुजयने प्रत्येकावर बोट ठेवलं. "आता काम कळलं. घेतो मी. भाव मात्र जेवढा पत्रा खरा तेवढ्याचाच."

सगुणाने बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

गाडी घेऊन जायला माणसं आणतो म्हणून सुजय रस्त्याकडे वळला, तसा हरेश उसळला. "सगळ्यांदेखत नाक कापलंस माझं! आता तो परत आला की त्याच्यासमोर म्हण, मला ठाऊक नव्हतं, प्लास्टर कान्हूच्याच वेळचं हाय. नायतर उद्यापासून आखणीला येऊ नको. डोळे आखणारे पेणला पन्नास मिळतील."

कान्हूचं नाव निघालं तेव्हा तिने पहिल्यांदा दिराकडे नीट पाहिलं. मेलेल्या माणसावर गंज ढकलणं सोपं असतं.

ती आत गेली. फळ्यांवर बत्तीस मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या, आणि सणाला सव्वा महिना उरला होता. तिने स्वतःचे कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले. रंगाच्या वाट्या कारखान्याच्या होत्या, त्या जागच्या जागी ठेवल्या.

हरेश दारात आडवा आला. आवाज उतरला होता. "वैनी, निदान ही रांग तरी..."

ती उभी राहिली. तो बाजूला होईपर्यंत उभीच राहिली. मग कुंचल्यांची गुंडाळी काखेत मारून बाहेर पडली.