वारशात आलेले पन्नास टक्के

महालक्ष्मीबाईंच्या नावावर आयुष्यात पहिली गाडी आली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. गाडी नवऱ्याची, वेंकटरावांची होती. राखाडी, छोटी, नऊ वर्षांची, आणि अंगावर एक ओरखडा नाही. गाडीबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे आली, ती म्हणजे विम्याच्या हप्त्यातली पन्नास टक्के सवलत.

वर्षभर नुकसानभरपाई मागितली नाही की विमा कंपनी पुढच्या वर्षी हप्त्यात थोडी सूट देते. ती सूट दरवर्षी चढत जाते आणि निम्म्यावर येऊन थांबते. वेंकटराव त्या निम्म्यावर किती वर्षं ठाण मांडून बसले होते कोण जाणे. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या रस्त्यावर त्यांना दुधाचे टेम्पो मागे टाकत, शेअर ऑटो मागे टाकत, आणि एकदा तर लग्नाच्या वरातीनेही मागे टाकल्याचं त्यांचा मुलगा कौशिक शपथेवर सांगत असे. घरी पाहुणे आले की कॉफी पुढे येण्याआधी ते पन्नास टक्के पुढे येत. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान लागतोच. काहींना तो मुलांचा असतो, वेंकटरावांना सवलतीचा होता.

ते गेले तेही घरात, खुर्चीत बसल्या बसल्या, गाडीला कसलाही त्रास न देता.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी विमा एजंट रत्नाकर देशमुख भेटायला आले. हे मूळचे अमरावतीचे, जवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वेंकटरावांचे फिरायला जाण्याचे सोबती. दिवाणखान्यात तंजावरहून आलेले धाकटे दीर अप्पाजी होते, कौशिक होता, आणि सून संयुक्ता लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं काम करत होती.

"वहिनी, गाडी तुमच्या नावावर केली तर वेंकटरावांची सवलत तुम्हाला मिळते," रत्नाकर म्हणाले. "एरवी ती गाडीबरोबर जात नाही, माणसाबरोबर जाते. पण माणूस गेला आणि गाडी बायकोकडे किंवा मुलाकडे आली, तर नियमात बसतं."

अप्पाजींच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला, तोही घरच्या जुन्या तंजावरी मराठीत. "मग माझा पत्ता घालून तंजावरला नोंदवूं की गाडी. हप्ता आणखी उतरेल, नव्हे का?"

"उतरेल," रत्नाकर म्हणाले. "चेन्नई मोठ्या शहरांत मोडते, तिथला दर जास्त. तंजावर दुसऱ्या गटात. पण गाडी राहणार अंबत्तूरला आणि कागद म्हणणार तंजावर, असं करून उद्या काही झालं की कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते."

"माझी गल्ली आहे ती आहे," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. बत्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढलेल्या बाईला खोटा पत्ता सहन होणं कठीणच होतं.

रत्नाकरांनी पुढचं विचारलं. गाडी मुख्यतः कोण चालवणार? त्याचं वय काय, परवाना किती वर्षांचा? काही कंपन्या आता तेही बघतात, म्हणाले. सगळ्यांनी कौशिककडे पाहिलं. कौशिकने मान हलवली. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात होता, कंपनीची बस त्याला दारातून न्यायची.

"मी," महालक्ष्मीबाई म्हणाल्या.

संयुक्ताची बोटं लॅपटॉपवर थांबली. कौशिक हसला, मग आई हसत नाही हे पाहून त्याने हसू आवरलं. "अम्मा, वेंडां," तो म्हणाला. नको म्हणायचं झालं की तो तमिळमध्ये शिरे, नकार तिथे त्याला सोपा जाई. "ह्या ट्रॅफिकमध्ये? ह्या वयात?"

"तुझे अप्पा सत्तरीत चालवत होते."

"अप्पांची गोष्ट वेगळी."

गोष्ट काय वेगळी होती ते त्याने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही कुणाला वाटली नाही.

महालक्ष्मीबाईंना गाडी हवी होती ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, अड्यारला जायला. तिथे त्यांची थोरली बहीण कृष्णवेणी एकटी राहत होती. कमरेचं हाड मोडल्यापासून तिचं जग बिछाना ते खिडकी एवढं उरलं होतं. लहानपणी तंजावरात हिनेच महालक्ष्मीला सायकल शिकवली होती, दोघींनी मार खाल्ला होता तोही तिच्यामुळेच. अंबत्तूरहून दोन बस बदलून अड्यार गाठायचं, पोहोचून टेकलं न टेकलं तोच परतीची घाई. कृष्णवेणी म्हणायची, "आलीस कशाला? जायची वेळ सांगायला?" तिचा आवाज हल्ली बारीक झाला होता, आणि महालक्ष्मीबाईंना त्याची भीती वाटत होती.

त्या शिकल्या. शिकवायला आलेल्या मुरलीने क्लचवरून त्यांचं आणि देवाचं नाव सारख्याच वेळा घेतलं असेल. परवाना मिळाला. दर गुरुवारी सकाळी गर्दीच्या आधी त्या निघत आणि दुपारी परतत. कृष्णवेणी खिडकीतून गाडी लावताना बघे आणि तिथूनच सूचना देई. दोघी बसून उपमा खात आणि मेलेल्या नातेवाइकांची उणीदुणी काढत. एकदा त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने तिला उचलून गाडीत बसवलं आणि समुद्रावर नेलं. उतरणं शक्य नव्हतं, काच खाली करून बसल्या. कृष्णवेणी किती तरी वेळ काही बोलली नाही, आणि ही बाई गप्प बसली म्हणजे ती खूश आहे हे बहिणीला ठाऊक होतं.

पण ह्या सगळ्यात महालक्ष्मीबाईंना एक भीती कायम असे. ती गाडीला धक्का लागण्याची नव्हती, पन्नास टक्क्यांना धक्का लागण्याची होती. कौशिक निघताना न चुकता म्हणे, "जपून अम्मा, अप्पांचं रेकॉर्ड आहे." शेजारणीचं चांदीचं ताट मागून आणावं आणि जेवण होईस्तोवर जीव त्या ताटातच अडकावा, तसं त्यांचं होई.

आणि मग ते झालंच. मेट्रोच्या कामासाठी रस्ता पत्रे लावून निम्मा केलेला होता. उलट्या बाजूने एक मोटारसायकल सरळ अंगावर आली. महालक्ष्मीबाईंनी चाक वळवलं, मोटारसायकलवाला वाचला आणि पसार झाला, गाडी पत्र्यांत शिरली. बंपर गेला, एक दिवा फुटला, बॉनेटचं टोक वर आलं. बाईंना खरचटलंही नाही. पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली ती नवऱ्याची माफी मागण्याची.

संध्याकाळी कौशिकने गॅरेजवाल्याचा आकडा ऐकला आणि शांतपणे म्हणाला, "मी देतो खिशातून. क्लेम नको. अप्पांचे पन्नास राहू देत. आणि अम्मा, गाडी दुरुस्त होऊन आली की झाकून ठेवू. पुरे झालं आता."

बोलताना तो आईचे हात पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघत होता. आईला काही झालं असतं तर, ह्याची ती भीती होती. महालक्ष्मीबाईंना ते कळलं. त्या आत जाऊन बसल्या. गुरुवार गेला, असं त्यांना वाटलं, आणि खिडकीतली कृष्णवेणी डोळ्यांपुढे आली.

मग एक विचार आला, जो नवरा गेल्यापासून त्यांनी जवळ येऊ दिला नव्हता. ही गाडी घरात नऊ वर्षं होती. त्या नऊ वर्षांत आपण अड्यारला किती वेळा गेलो? पावसात नको, पाणी भरतं. संध्याकाळी नको, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. सणासुदीला नको, गर्दी. वर्षातून दोनदा जाणं झालं तर झालं. बहिणीच्या घराची वाट आपल्याला माहीत होती, गाडी दारात होती, आणि शेजारी जगातला सगळ्यात सावध माणूस होता. पन्नास टक्के राखायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे कुठेच न जाणं, आणि त्या माणसाला ती साधली होती. त्यांना नवऱ्याचा राग आला. तो गेल्यानंतर पहिल्यांदाच आला, आणि रडूही तेव्हाच खरं फुटलं. चांगला होता हो तो, पण किती भित्रा होता.

तोंड धुऊन त्या बाहेर आल्या आणि कौशिकसमोरच रत्नाकरांना फोन लावला.

"रत्नाकरराव, क्लेम घाला."

"वहिनी, नीट विचार केलात ना? घातला तर सवलत एकदम शून्यावर येईल. व्यवहार बघाल तर घालायलाच हवा, दुरुस्तीपुढे सवलत काहीच नाही. पण वेंकटरावांची—"

"ते पन्नास त्यांचे होते. मज कोणी दिले नाहींत, नुसते अंगावर आले. येऊं दे शून्य."

कौशिक जेवला, ताट ठेवलं, आणि दोन दिवस आईशी कामापुरतंच बोलला. बापाची एक वस्तू आज खरोखर गेली, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. महालक्ष्मीबाईंनी समजूत घातली नाही. पुढच्या हप्त्याला शून्य आलं, हप्ता टोचण्याइतका वाढला, तो त्यांनी पेन्शनीतून भरला. आणि गुरुवारी निघाल्या.

त्यानंतरचं वर्ष गेलं. कृष्णवेणी वॉकर घेऊन आता फाटकापर्यंत येते. एका गुरुवारी सकाळी रत्नाकर नवा कागद घेऊन आले आणि थोडे ओशाळूनच म्हणाले, "वहिनी, वीसच टक्के आलेत बरं का."

महालक्ष्मीबाईंनी चष्मा लावून तो आकडा पाहिला, आपलं नाव पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला. पोस्टात पहिला पगार हातात आला होता त्या दिवशी असंच काहीसं झालं होतं.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या, आणि किल्ली घेतली.

कौशिकची त्या दिवशी सुट्टी होती. तो पायऱ्यांवर उभा होता. कागद त्यानेही वाचला. आईच्या गाडीत तो आजवर एकदाही बसला नव्हता. "अम्मा," तो म्हणाला, "मावशीकडे मीपण येऊ?"

त्यांनी आतून डावीकडचं दार उघडलं. तो बसला, आणि जपून जा असं न म्हणता त्याने पट्टा लावला.